एक दिवस अळणी, एक दिवस खारट

जावई हा साधारणपणे एका घरचा असतो. हा मात्र अख्ख्या बाजाराचा जावई होता. भाजीवाली, न्हावी, घड्याळवाला, इतकंच काय, सकाळी रस्ता झाडणारासुद्धा कचऱ्याचा ढीग ओढत जाता जाता “काय जावईबापू, पेटली का शेगडी?” असं विचारून पुढे जायचा. कारण एवढंच की सूपचा गाडा त्याच्या सासूबाईंचा होता, आणि सासूबाई अशा होत्या की त्यांच्या आसपास वावरणाऱ्या माणसाला स्वतःचं वेगळं नाव असून काही उपयोग नसे.

गाडा म्हणायचा, पण त्याची चाकं कधीच गळून गेली होती. विटांवर बसवलेली पत्र्याची फळी, वर ताडपत्री, पुढे दोन बाकडी, मागे शेगडी आणि शेगडीवर लहान मूल आत उभं राहील एवढं पातेलं. कोंबडीचं सूप, त्यात शेवया, वर चिरलेली कांद्याची पात. दुसरा पदार्थ नाही. “आणखी काही ठेवा की,” असं एखादं गिऱ्हाईक म्हणालंच, तर सासूबाई म्हणत, “निवड करायची हौस असेल तर कापडाच्या दुकानात जा.”

गाड्यावर दोन नियम होते. पहिला, शिजवणाऱ्याने चाखायचं नाही. “शिजवणाऱ्याची जीभ आईसारखी असते,” सासूबाई म्हणायच्या. “आपल्या पोरात तिला खोट दिसत नाही.” म्हणून शिजवायचं जावयाने आणि चाखायचं सासूने. गाड्यावर सूप उरत नसे, आणि जावई दुपारी घरचा डबा खाई. त्यामुळे जे सूप तो इतकी वर्षं करत होता, ते कसं लागतं हे त्याला धड माहीत नव्हतं. दुसरा नियम, बाकड्यावर मीठ ठेवायचं नाही. बाकड्यावर मीठ ठेवणं म्हणजे आम्हाला येत नाही अशी पाटी लावणं, असं त्यांचं म्हणणं.

रोज सकाळी जावई पातेल्यात पहिलं मीठ घाली आणि बाजूला उभा राही. मग सासूबाई स्टुलावरून सावकाश उतरत, ओगराळ्याने थोडं सूप तळहातावर घेत, फुंकर मारून ओढत आणि आभाळाकडे बघत. सगळा बाजार त्या वेळी जरा थांबायचा. “जावईबापू, हे सूप आहे की भांडी विसळलेलं पाणी? घाला आणखी.” मग तो दुसरं मीठ घाली. कधी कधी तिसरंही लागे. पहिल्या फटक्यात ‘बरोबर’ असं त्या एकदाही म्हणाल्या नाहीत. हा शब्द त्यांनी कुणासाठी राखून ठेवला होता कोण जाणे, पण जावयासाठी नव्हता हे नक्की.

आणि एका दुपारी सासूबाई जरा आडव्या झाल्या, त्या उठल्याच नाहीत.

बायको रडली. मेव्हणा तर गल्लीत ऐकू जाईल असा रडला. न्हाव्याने गिऱ्हाइकाला अर्ध्या दाढीवर सोडून येऊन डोळे पुसले. जावयाने सगळं रीतसर केलं: माणसं बोलावली, खुर्च्या आणल्या, खुर्च्या परत नेऊन दिल्या. रडू मात्र आलं नाही. त्याने वाटही पाहिली. बसची बघतो तशी बघितली. येईल, उशीर झाला असेल. आली नाही. पाय बधिर झाल्यावर चिमटा काढला, तर तो दुसऱ्याच कुणाच्या पायाला काढल्यासारखा वाटतो ना, तसं त्याला सगळीकडे वाटत होतं.

त्यात पुन्हा अडचण अशी, की सासू गेलेल्या माणसाचं सांत्वन कसं करायचं हे कुणालाच ठाऊक नसतं. बायकोला लोक जवळ घेत होते, मेव्हण्याच्या पाठीवरून हात फिरवत होते. जावयाजवळ आले की एखादा हळूच म्हणे, “सुटलास बाबा.” तोही रीत म्हणून हसे.

गाडा पुन्हा सुरू झाला. सकाळी पहिलं मीठ घालून तो सवयीने बाजूला उभा राही. स्टूल रिकामं. कुणी काही बोलत नसे. उकळीचा आवाज ऐकत तो तसाच उभा राहायचा, आणि भानावर आला की त्याला आठवायचं नाही, की दुसरं मीठ पडलं की राहिलं. मग एखाद्या दिवशी तो ते दोनदा घाली, कधी तीनदा. एखाद्या दिवशी पहिल्याचाही पत्ता नसे. चाखून बघावं हे त्याच्या डोक्यातही आलं नाही, कारण चाखायचं नाही हा नियम होता आणि नियम बदलणारी व्यक्ती स्टुलावर नव्हती.

पहिल्या दिवशी न्हाव्याने चमचा तोंडात घातला आणि त्याचे डोळे मोठे झाले. त्याने घड्याळवाल्याकडे पाहिलं. घड्याळवाला आपलं भिंग डोळ्याला लावून वाडग्यात बघत होता, जणू आत एखादा स्क्रू पडलाय. दोघांनी जावयाच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि हूं की चूं न करता वाडगा संपवला. दुसऱ्या दिवशी सूप इतकं अळणी की कालच्याची आठवण यावी. तिसऱ्या दिवसापर्यंत मंडळींनी बंदोबस्त करून ठेवला. डाव्या खिशात मिठाची पुडी, उजव्या खिशात उकडलेला बटाटा. पहिल्या चमच्याला अंदाज घ्यायचा आणि परीक्षेत कॉपी काढावी तसा बाकड्याखालून योग्य तो खिसा उघडायचा. जावई समोर उभा असे. त्याला दिसायचं नाही. दिसत असलं तरी पोहोचायचं नाही.

जुनी माणसं अशी निभावून नेत होती, पण वाटेने जाणाऱ्याला काय पडलंय? तो एक चमचा घ्यायचा, वाडगा खाली ठेवायचा आणि पुन्हा त्या बाजूला फिरकायचा नाही. बाकडी ओस पडू लागली. जे पातेलं सासूबाईंच्या वेळी खरडून घरी यायचं, ते आता निम्मं भरलेलं येऊ लागलं.

मेव्हण्याच्या हे नजरेत आलं. तो पलीकडच्या गल्लीत एका बंद दुकानाच्या पायरीवर मोबाईलची कव्हरं विकायचा आणि दुकान उघडलं की त्याला उठावं लागायचं. तो बहिणीला म्हणाला, “जागा आईची आहे, म्हणजे काही परकी नाही. गाडा चालत नाही तर धरून कशाला बसायचं? मी कव्हरं लावतो. तुझ्या नवऱ्यालाही ठेवतो की दुकानावर. बोलायचं काही काम नाही, नुसतं उभं राहायचं. ते त्याला जमतं.”

बायको शर्टांना बटणं लावायच्या कामावर जायची. संध्याकाळी बोटं ताठ व्हायची. ती नवऱ्याला म्हणाली, “महिनाअखेरपर्यंत बघू. गिऱ्हाईक आलं नाही तर जागा दादाला देऊन टाकू. काय म्हणता?”

“बरं,” तो म्हणाला.

हल्ली तो सगळ्यालाच बरं म्हणायचा. वाईट वाटायला हवं, हे त्याला कळत होतं. आयुष्यात त्याला हे एकच काम येत होतं आणि उभं राहायला ही एकच जागा होती. दुसऱ्या दिवशी शेगडी पेटवताना मात्र त्याचा हात जरा थांबला. इथे कव्हरं लटकली तर पातेलं कुठे ठेवायचं? रात्री ते घरात ठेवलं की पाय पसरायलासुद्धा जागा उरत नाही.

महिना संपत आला आणि पाहुणी आली.

तिच्या पाठीवर तिच्याच उंचीची पिशवी होती आणि नाकाची सालं निघाली होती. आशियातल्या एकेका देशात उतरायचं, हॉटेलात पाऊल टाकायचं नाही, रस्त्यावर बसून खायचं, लोक कसे उठतात-बसतात ते बघायचं आणि बघितलेलं फोनला सांगायचं, असा तिचा उद्योग होता. न्हावी लगेच तिचा वाटाड्या झाला. इथली भाषा तिला येत नव्हती, पण तिच्या फोनमध्ये एक बाई होती, तिला येत होती. मात्र ती अशी बोलायची की जणू शाळेच्या बक्षीस समारंभाला आली आहे.

त्या दिवशी सूप अळणी होतं. पाहुणीने सगळं संपवलं आणि फोन पुढे धरला. फोनमधली बाई म्हणाली, “अतिशय रुचकर. आपल्या मुखावर अपार शांती विलसत आहे. याचे रहस्य कृपया सांगावे.”

“ऐकलंस का, विलसतेय म्हणे,” न्हावी जावयाला म्हणाला. “पुसून घे.”

जावयाने खांद्यावरच्या फडक्याने खरोखरच तोंड पुसलं.

पाहुणी सकाळभर तिथेच बसली. हातगाडीत पाय मुडपून झोपलेला हमाल, गिऱ्हाइकाशी भांडता भांडता त्याच्या पिशवीत मूठभर मिरच्या जास्त टाकणारी भाजीवाली, घड्याळवाल्याच्या दुकानात प्रत्येक घड्याळात वाजलेली वेगळी वेळ, हे सगळं ती फोनला हळू आवाजात सांगत होती. न्हावी कान देऊन ऐकत होता. आपण रोज जे तुडवत जातो ते इतकं सांगण्यासारखं आहे, याचं त्याला नवल वाटलं. तो घड्याळवाल्याला म्हणाला, “तुझी घड्याळं पाहून बाई खूश आहे. दुरुस्त करू नकोस.”

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली. त्या दिवशी जावयाचं दुसरं मीठ तीनदा पडलं होतं.

तिने पहिला चमचा घेतला. डोळ्यांत पाणी आलं. तिने शेजारी पाहिलं. न्हावी बाकड्याखाली बटाटा सोलत होता. घड्याळवाला आपल्या बटाट्याचे तुकडे करत होता. तिने आपल्या खिशातून एक कागदाची पुडी काढली, उघडली, आत पाहिलं, गोंधळली आणि फोनशी बराच वेळ बोलली. मग फोन जावयापुढे धरला.

“कृपया मार्गदर्शन करावे,” फोनमधली बाई म्हणाली. “आपल्या येथे एक दिवस अळणी व एक दिवस खारट सेवन करण्याची जी प्रथा आहे, तिचे मूळ काय?”

न्हाव्याच्या घशात बटाटा अडकला.

“कसली प्रथा?” जावई म्हणाला.

“काल सर्वांनी बाकाखाली खिशातून मीठ काढले. आज सर्वांनी बटाटा काढला. प्रथेचा मान राखावा म्हणून मीही मीठ आणले, परंतु माझा दिवस चुकला.”

जावयाने ओगराळं खाली ठेवलं. तो न्हाव्याला म्हणाला, “खिसा दाखव.”

“अरे, खिशात काय असणार, वस्तरा…”

“दाखव.”

न्हाव्याने पुडी काढून फळीवर ठेवली. घड्याळवाल्याने न सांगताच ठेवली. समोरून भाजीवाली म्हणाली, “बटाटे माझ्या टोपलीतले हो. सकाळी घरून उकडूनच आणते. आता लपवून काय करायचं?”

“कधीपासून चाललंय?”

“सासूबाई गेल्या तेव्हापासून,” न्हावी म्हणाला.

“आणि कुणी बोललं नाही.”

“काय बोलायचं? तुझं तोंड बघून भादरायला बसलेलं गिऱ्हाईकसुद्धा गप्प व्हायचं. आम्ही म्हटलं, येईल आपोआप जागेवर. तोवर खाल्ल्या मिठाला जागू.”

एरवी या वाक्यावर बाजार हसला असता. कुणी हसलं नाही.

जावई फळीला वळसा घालून पुढे आला आणि बाकड्यावर बसला. या बाजूने आपला गाडा कसा दिसतो हे त्याने बऱ्याच वर्षांत पाहिलं नव्हतं. ताडपत्री एका कोपऱ्यात फाटली होती. त्याने पाहुणीचा वाडगा ओढून घेतला आणि एक चमचा तोंडात घातला. खारट होतं, एवढं त्याला कळलं. पण कसं असायला हवं होतं, ते कळेना. त्याने दुसरा चमचा घेतला, तिसरा घेतला. ज्या सूपवर आपण उभे राहिलो, म्हातारे व्हायला आलो, ते आपल्या ओळखीचंच नाही, हे काही वाईट वाटून घेण्यासारखं होतं. त्याने थोडं थांबून पाहिलं. नुसती तहान लागली.

पाहुणी घाबरली होती. फोन म्हणाला, “माझ्या हातून काही अपराध घडला आहे काय?”

“नाही बाई,” तो म्हणाला. “दिवस माझा चुकला.”

संध्याकाळी पातेलं घरी आलं. बायकोने पानं वाढली आणि सवयीने त्यातलं सूप दोन वाडग्यांत घेतलं.

“अगं, हे खारट आहे,” तो म्हणाला.

तिने त्याच्याकडे पाहिलं. हातातला डाव तसाच राहिला. “हो,” ती म्हणाली.

“तुला माहीत होतं?”

“रोज उरलेलं घरीच येतंय. आपणच तर खातोय.”

“मीसुद्धा?”

“रोज. वाडगा चाटूनपुसून. मी भातात कालवून कसंबसं गिळायची आणि तुम्ही पुढचा मागायचात.”

त्याने वाडग्यात बघितलं. मग म्हणाला, “सांगायचंस ना.”

“सांगितलं असतं तर तुम्ही ‘बरं’ म्हणाला असता.” तिने वाडगा बाजूला सरकवला. “मलाही आईशिवाय जड जातंय हो. पण मला निदान रडता येतं. तुमच्याकडे बघितलं की वाटतं, हा माणूस घरात राहतोय की घराच्या भिंतीत. परवा दादा टेप घेऊन येणार आहे मोजायला. त्याला काय सांगू ते तरी बोला.”

‘बरं’ हा शब्द तोंडाशी आला होता, पण या प्रश्नाला तो बसत नव्हता.

“त्याला उद्याच बोलव,” तो म्हणाला. “मोजू दे.”

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने सूप केलं आणि त्यात मीठ घातलंच नाही. पहिलं नाही, दुसरं नाही. मग घरून आणलेली काचेची बरणी काठोकाठ मिठाने भरली, आत एक चमचा खोचला आणि बरणी बाकड्याच्या मधोमध नेऊन ठेवली.

न्हावी ती बघून उभाच राहिला. “जावईबापू, गाड्यावर मीठ? सासूबाई असत्या तर बरणीसकट तुला…”

“त्या नाहीत,” जावई म्हणाला.

हे वाक्य त्याने पहिल्यांदाच उच्चारलं होतं. आवाज काही बदलला नाही. कोबी नाही म्हणावं तितकाच सपाट होता. न्हावी खाली बसला. त्याने बरणी ओढली, मीठ घेतलं, ढवळलं, चाखलं, पुन्हा घेतलं. खिशातला बटाटा त्याने नुसताच खाऊन टाकला.

रस्त्यावरून जाणारे दोन हमाल बसले. एकाने भरपूर मीठ घातलं, दुसरा म्हणाला, “अरे, ते सूप आहे, लोणचं नाही.” पहिला म्हणाला, “माझा घाम तू गाळतोस का?” त्यांचा वाद बघायला तिसरा थांबला आणि थांबलाच आहे तर म्हणून बसला. पाहुणी आली. तिने बरणी पाहिली, बरणीचा फोटो काढला आणि फोन म्हणाला, “तिसऱ्या दिवशी ज्याचे त्याने घ्यायचे असते, असे दिसते.”

“हो बाई,” न्हावी म्हणाला. “आमचं तीन दिवसांचं असतं.”

तिने ते फोनला सांगून टाकलं. दुपारच्या बसने ती पुढच्या गावाला गेली, आणि आता जगात कुठे ना कुठे हे खरं म्हणून वाचलं जात असेल. त्याला इलाज नाही.

मेव्हणा टेप घेऊन आला तेव्हा दोन्ही बाकडी भरलेली होती. त्याने आधी ताडपत्री मोजली, मग फळी, आणि बाकड्याशी येऊन थबकला.

“हे काय आहे?”

“मीठ,” जावई म्हणाला.

“आईच्या गाड्यावर बरणी? अरे, तिने जन्मभर बाकड्यावर मिठाचा कण ठेवू दिला नाही. लोक काय म्हणतील?”

“दादा, तू इथे कव्हरं लावणार होतास,” न्हावी म्हणाला.

“ती गोष्ट वेगळी. कव्हरं म्हणजे आईचा अपमान नाही.” त्याचा चेहरा लाल झाला होता. “एक वाडगा दे मला. बघतो.”

जावयाने वाडगा भरून दिला. बसायला जागा नव्हती म्हणून मेव्हण्याने उभ्यानेच सुरुवात केली. हमालाने बरणी पुढे केली, ती त्याने परतवून लावली. आईच्या गाड्यावर मी मीठ मागून घेणार नाही, असं म्हणून त्याने ते अळणी सूप शेवटच्या शेवईपर्यंत संपवलं, औषध प्यावं तसं. मग तोंड पुसून टेप उलगडली.

“जरा उठा, बाकडं मोजायचंय.”

“सूप झाल्यावर,” हमाल म्हणाला.

तो उठला तेव्हा त्याच्या जागी दुसरा बसला. मेव्हणा टेपचं टोक धरून थोडा वेळ थांबला. मग टेप करकर आत ओढून घेत जावयाला म्हणाला, “पुढच्या महिन्यात येतो. पण ती बरणी मला पटलेली नाही, सांगून ठेवतो.”

“बरं,” जावई म्हणाला.

संध्याकाळी पातेल्याच्या तळाशी दोघांपुरतं उरलं होतं. बायकोने ते वाढलं, त्याने बरणी पिशवीतून काढून दोघांच्या मध्ये ठेवली. तिने आपल्यापुरतं मीठ घेतलं. त्याने घेतलं, चाखलं, थोडं सूप वाढून घेतलं, पुन्हा चाखलं.

“कसं झालंय?” तिने विचारलं.

तो बराच वेळ तोंडातला घोट फिरवत राहिला.

“माहीत नाही,” तो म्हणाला. “उद्या सांगतो.”